राखलेलं रान

डिसेंबर लागला की शिक्षकखोलीत सहलीचा विषय निघतो आणि माझं डोकं फिरतं. दरवर्षी फिरतं. सावित्री नदीवरचं धुकं अजून पटांगणातून हललेलं नसतं, पोरं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून प्रार्थनेला उभी असतात, आणि आत कोणीतरी चहाचा कप खाली ठेवत विचारतं, "मग, यंदा कुठं?" हे नुसतं विचारायचं म्हणून. यंदाही तिथंच जायचं असतं, समुद्रकाठच्या निसर्ग उद्यानात. तिथे तिवरांच्या रानातून फळ्यांची वाट केलेली आहे, पक्षी बघायला मनोरा आहे, स्वच्छतागृह आहे, बस लावायला ऐसपैस जागा आहे. "मुलांना निसर्ग कळला पाहिजे," असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात. माणूस भला आहे. मी मान हलवते आणि गप्प राहते, कारण एकदा तोंड उघडलं तर सगळ्यांचे चहा गार होतील.

ते आज इथे बोलते.

त्याच उद्यानात मी पहिल्यांदा गेले ती सातवीत असताना. आमची वाडी कापड्याच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, आणि शाळा खाली कापड्यात. तो हिवाळा मला वासांनी आठवतो. भात झोडून झालेलं, खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, त्यांचा कोरडा गोडसर वास. शेतात उरल्या ओलीवर टाकलेल्या वालांना शेंगा धरायला लागलेल्या. आणि या सगळ्यांवर मात करणारा नव्या चपलांचा वास. सहल ठरली तशा घरोघरी पोलादपूरच्या बाजारातून चपला आल्या होत्या. माझ्या एक नंबर मोठ्या होत्या, म्हणजे पुढच्या वर्षीही झाल्या असत्या. सहलीपर्यंत त्या पायात घालायची मला बंदी होती, म्हणून मी त्या नुसत्या काढून बघायची आणि परत पिशवीत ठेवायची.

एसटीत निम्मी पोरं ओकली. डोंगरातल्या पोरांना वळणांची सवय असते असं लोक धरून चालतात. आम्हाला होती ती पायी वळणांची. सर लिंबाच्या फोडी वाटत पुढून मागे आणि मागून पुढे फिरत होते. मग कधीतरी खाडी दिसली, खिडक्यांतून खारा वारा आत आला आणि एक पोरगी म्हणाली, "अगो, हा तर बाजारातला वास." खरंच होतं ते. पोलादपूरच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत जो वास यायचा तोच होता. एवढ्या लांब येऊन ओळखीचा वास भेटला म्हणून आम्हाला हसू आलं.

उद्यानाला हिरवं लोखंडी दार होतं आणि दाराशेजारी पाटी. हे रान राखीव आहे. झाड तोडू नये. पान-फूल घेऊ नये. पडलेली वस्तू घरी नेऊ नये. मोठ्याने बोलू नये. ही पाटी मोठ्याने वाचली ती संतोषने. तो आमच्या भावकीतला, माझ्याच वर्गातला, सगळे त्याला संत्या म्हणायचे. वाचून झाल्यावर त्याने आमच्याकडे एकदा बघितलं, पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. मग मी काढल्या. मग सगळ्यांनी. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. भिंतीला लागून नव्याकोऱ्या चपलांची रांग लागली.

कारण आमच्या वाडीच्या डोक्यावर भैरीचं, आमच्या गावदेवाचं, रान होतं. शहरातली माणसं त्याला देवराई म्हणतात, आम्ही नुसतं रान म्हणायचो. त्या रानाला खालच्या अंगाने दगडांचा बुटका गडगा घातलेला होता. गडग्यापाशी चपला काढायच्या आणि पुढचा सगळा चढ अनवाणी चढायचा, मग देवाला जायचं असो की झऱ्यावरून पाणी आणायचं असो. झाडाला कोयता लावायचा नाही. वाऱ्याने पडलेली फांदीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. आत आवाज चढवायचा नाही. उद्यानाच्या पाटीवर लिहिलेलं एकूणएक आम्हाला पाठ होतं. अशी पाटी लावलेली जागा देवाची नसेल, तर मग कोणाची असणार?

सर घाटावरचे, नुकते बदलून आलेले. तिकिटं काढून वळले आणि त्यांना ती रांग दिसली.

"हे काय रे?"

"सर, राखलेलं रान हाय ना हे," संत्या म्हणाला. "झाड तोडायचा नाय, मोठ्यान बोलायचा नाय. मग देवाचंच असंल."

आमच्या मागे कुठल्याशा शहरातली शाळा उभी होती, बूट-मोजे घातलेली. त्यांच्या बाई हसल्या आणि सरांना म्हणाल्या, "कुठनं आणलीत हो ही मंडळी?" सरांचे कान लाल झाले. त्यांनी संत्याच्या मुस्काटात मारली. "हे काय देऊळ आहे? घाला चपला, गाढवांनो."

त्या मारण्याचा मला आजही राग आहे. महिनाभर ज्या माणसाने फळ्यावर झाडं काढून झाडांचं रक्षण कसं करावं ते शिकवलं, त्याने झाडापुढे वाकणारं पोरगं बघितलं आणि त्याला लाज वाटली. आम्ही मुकाट्याने चपला घातल्या. संत्याने घातल्या नाहीत. त्याने त्या शर्टाच्या आत कोंबल्या आणि तसाच चालला.

आत रान सुरेख होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. चिखलातून वर डोकावणारी मुळं, ओल्या चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे. शहरातली पोरं रेलिंगवरून वाकून त्यांच्यावर शेंगदाणे फेकत होती आणि त्यांच्या बाई सावलीत बसल्या होत्या. आम्ही ओळीने, आवाज न करता चाललो होतो. उद्यानाचा माणूस सरांना म्हणाला, "फार शिस्तीची मुलं आहेत तुमची." सरांनी ते स्वतःचं कौतुक म्हणून घेतलं.

फळ्यांची वाट संपून खाली किनाऱ्यावर उतरलो तिथे संत्याच्या तळव्यात कालवाच्या शिंपल्याची कपची घुसली. परतीच्या एसटीत तो पाय मांडीवर घेऊन बसला होता. मी माझा रुमाल बांधला.

"दुखतंय काय रे?"

"नाय." मग रुमालाची गाठ चाचपत म्हणाला, "वैशे, त्यांचा देव कुठं होता गो? मला दिसलाच नाय."

*

भैरीला देऊळ नव्हतं. एका जुन्या किंजळीच्या बुंध्याशी शेंदूर लावलेली शिळा, वर फांद्यांचं छप्पर. गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले, आणि त्यांच्या हातभर लांब शेंगा पिकून वाजायच्या. सकाळी शेकरू एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घ्यायचं तेव्हा वरून पानं गळायची. मे महिन्यात खाली विहिरी तळाला जात, पण रानातल्या झऱ्याला धार असायची. रानाचे सगळेच नियम मला गोड वाटायचे असं नाही. महिन्याचे चार दिवस आम्हा मुलींना गडग्याच्या बाजूलाही फिरकू देत नसत, त्याचाही राग मी अजून सांभाळून आहे. पण त्या रानातला पाचोळा उन्हाळ्यातही पायाला गार लागायचा, हे माझ्या तळव्यांना अजून ठाऊक आहे.

मी शिकले, लग्न होऊन महाडला आले, शिक्षिका झाले. संत्या मुंबईला गेला. आधी कुठल्याशा कंपनीत हेल्पर, मग स्वतःचा टेम्पो, मग आणखी टेम्पो. आता तो आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने बायकोला आणि मुलीला शाळेसाठी महाडला फ्लॅटमध्ये ठेवलं आहे, आणि ती मुलगी, आर्या, यंदा माझ्याच वर्गात पाचवीत आहे. शाळेत मी तिची बाई, गावी आत्या.

आर्या आईच्या कडेवर होती त्या वर्षीच्या शिमग्याची गोष्ट. शिमग्याला मुंबईकर गाड्या भरून आले आणि गावकीच्या बैठकीत संत्याने विषय काढला. भैरीला देऊळ बांधायचं. सिमेंटचं, स्लॅबचं, फरश्या घालून. आजूबाजूच्या गावांचे देव स्लॅबखाली गेले, आपला तेवढा उघड्यावर राहिला, याची त्याला म्हणे मुंबईत लाज वाटायची. रानातली झाडं लाकडाच्या ठेकेदाराला द्यायची आणि त्यातूनच देऊळ उभं करायचं. देवाची झाडं, देवाचंच देऊळ. माना डोलल्या.

आमच्याकडे अशा वेळी देवाचा कौल घेतात. शिळेला दोन बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, विचारलं, आणि सगळ्यांच्या देखत डावी पडली.

माझ्या गावचे लोक देवाला मानतात, पण नकार आला की त्यांना तो पटत नाही. कोणी म्हणालं, पाकळी नीट चिकटली नव्हती. परत लावली. परत डावी. मग प्रश्नच फिरवला. तुझ्यासाठीच करतोय बाबा, आमचं काय त्यात. तरी डावी. "सारखं सारखं इचारू नये रे देवाला," गुरवकाका म्हणाले, पण त्यांच्या हातात नवी पाकळी दिलेली होती. शेवटी संत्याने सुचवलं, नुसतं देवळापुरती झाडं तोडतो असं विचारा. तेव्हा कुठे उजवी पडली आणि ढोल वाजला.

मी मागे बायकांत बसले होते. उठले आणि म्हटलं, "संत्या, पाटी वाचून चपला कोणी काढल्या होत्या रे? तूच ना?"

ढोल थांबला. संत्या काही बोलायच्या आत एक म्हातारे चुलते म्हणाले, "पोरी, तुजं लगीन झालं. तू आता महाडची. गावकीत तू नाय बोलायचं." हे ते प्रेमाने म्हणाले. आमच्याकडे बाईचं तोंड प्रेमानेच बंद करतात. बैठक मोडल्यावर संत्या माझ्यापाशी आला. हसत होता. म्हणाला, "अगो वैशे, एवढं टेन्शन का घेतेस? तूच तर पोरांना बस भरून नेतेस ना तिकडं समुद्रावर, झाडं बघायला? तिथं गव्हर्मेंटनी सगळं सेफ ठेवलंय. आपल्याला हितं डेव्हलपमेंट नको काय?"

 त्याच्या या बोलण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण आम्ही शाळेत शिकवलेलंच त्याने मला ऐकवलं होतं. राखायचं रान लांब असतं. तिथे बसने जायचं, तिकीट काढायचं, वाकून खेकडे बघायचे, आणि आल्यावर पाच ओळींचा निबंध लिहायचा. घरामागचं रान त्यात येत नाही. पुस्तकात नाही, प्रश्नपत्रिकेत नाही, सहलीच्या ठिकाणांत तर नाहीच. मी एकदा मुख्याध्यापकांना म्हटलं होतं, मुलांना आमच्या भैरीच्या रानात नेऊ या. ते म्हणाले, "बाई, तिथे बघण्यासारखं काय आहे?" तेव्हा रान उभं होतं.

देवळापुरती झाडं म्हणता म्हणता मे संपायच्या आत अर्धं रान गेलं. ट्रक वर न्यायला वाट हवी, म्हणून वाटेतली झाडं. ट्रक वळवायला जागा हवी, म्हणून त्या जागेतली. गडग्याचे दगड देवळाच्या पायात गेले. किंजळ तोडली आणि तिच्या जागी खांब उभे राहिले. आता देवळात पंखा आहे. ज्या देवाने जन्मात कधी उकाडा बघितला नाही त्याच्या डोक्यावर पंखा फिरतो. वाडीच्या वरचा उतार उघडा पडला. पावसाचे चार दिवस जोराचे झाले की वरच्या आळीतली माणसं अंथरुणं घेऊन शाळेत उतरतात आणि रात्रभर डोंगराकडे कान लावून बसतात. माझी आई त्या आळीत राहते. डोंगराच्या कुशीत आयुष्य काढलेली माणसं आम्ही, डोंगर कशाने धरलेला असतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं.

झऱ्याच्या वरची झाडं तेवढी अजून उभी आहेत. झऱ्याला धारही आहे, बारीक झाली तरी.

*

सहलीच्या आदल्या दिवशी चवदार तळ्याच्या कडेने शाळेत जात होते, तर संत्याचा फोन आला.

"आर्याकडं लक्ष ठेव हां. पहिलीच सहल हाय तिची."

"ठेवते."

"आणि शिमग्याला नक्की ये. वरची झाडं काढायचीत, भक्तनिवास करतोय. पार्किंग पण. कौल लावायचाय."

"उजवा पडेपर्यंत लावणार असाल," मी म्हटलं.

"तू अजून तशीच तापट हायेस," तो म्हणाला आणि खूश होऊन हसला.

शाळेतही माझी तीच कीर्ती आहे. बाई फार तापट आहेत. असू देत. शांत माणसांनी काय राखलं ते मी बघितलं आहे.

काल सहल गेली. तीच लिंबं, तीच ओकारी, खाडीवरचा तोच वारा. उद्यान आता पुष्कळ सुधारलं आहे. दारात फायबरचा डॉल्फिन आहे, फोटो काढून घ्यायला चौकट आहे, आत कुरकुऱ्यांचं दुकान आहे. पाटी नव्याने रंगवली आहे, पण शब्द तेच आहेत. मी तिकिटांच्या खिडकीपाशी होते, तेवढ्यात मागून पोरांचं हसू ऐकू आलं.

आर्या दाराच्या कडेला उकिडवी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. एक बूट काढून तिने भिंतीशी ठेवला होता. माझ्याबरोबरच्या बाई, स्वभावाने चांगल्या, हसत म्हणाल्या, "अगं आर्या, हे काय देऊळ आहे का?"

मी पुढे झाले. आर्याने वर बघितलं आणि गडबडीत शाळेतलं संबोधन विसरली. "आत्या, पप्पांनी सांगितलंय इथे बूट काढायचे. राखलेलं रान असतं म्हणाले. ते पण लहानपणी काढायचे."

माझ्या कानशिलातून जाळ निघाला. इतकी वर्षं मी त्याला एका गोष्टीवर थोडी माफी देत आले होते, की मुंबईत माणूस विसरतो. टेम्पो, हप्ते, ट्रॅफिक, त्यात कुठलं रान आणि कुठल्या चपला. पण तो विसरलेला नाही. त्याला सगळं आठवतं. शिळेपुढे उभं राहून नवी पाकळी मागतानाही आठवत होतं. स्वतःच्या मुलीला त्याने राखलेलं रान म्हणून सांगितलं ते समुद्रकाठचं, तिकिटाचं, जिथे त्याला काही तोडायचं-बांधायचं नाही.

मी आर्यासमोर बसले. "आणि गावी भैरीला जाताना कुठे काढतेस गं?"

"पायरीपाशी. गाडी तिथपर्यंत जाते ना."

"गडग्यापाशी नाही काढत?"

"कुठला गडगा?"

तिला खरंच माहीत नव्हतं. मी पर्समधून फोन काढला, संत्याचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. "पप्पांना विचार."

"हॅलो पप्पा, मी आर्या. हो, पोचलो. नाही, ओकले नाही. हो, काढतेय बूट." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पप्पा, गावाला आपला गडगा कुठे आहे?"

 फोन कट झाला की काय म्हणून तिने कानापासून दूर धरून बघितला आणि परत कानाला लावला. बाकीची पोरं आत जायला चुळबुळत होती, वॉचमन दार धरून उभा होता.

"पप्पा म्हणतात, फोन आत्याला दे."

तिने फोन पुढे केला. मी घेतला नाही.

"त्यांना म्हण, गडगा कुठे गेला ते मलाच सांगा," मी म्हटलं आणि खाली वाकून माझ्या चपलेचा पट्टा सोडवायला लागले.